पैशाचा वाद आणि आपले कोर्ट : वकिलाशिवाय काय करता येते?



गेल्या चवथीला आरती आटोपल्यावर एका सभासदांच्या ओसरीवर आम्ही काही जण बसलो होतो. बोलता बोलता विषय निघाला तो अडकलेल्या पैशांचा. एकाने घरदुरुस्तीसाठी कंत्राटदाराला आगाऊ दिलेले साठ हजार परत येत नव्हते. दुसऱ्या काकींनी भाच्याला दिलेले हातउसने दोन वर्षे तसेच होते. इंग्लंडहून सुट्टीवर आलेला यजमानांचा मुलगा म्हणाला, "काका, तिथे दहा हजार पौंडांपर्यंतचे दावे साध्या पद्धतीने चालतात. लोक स्वतःच फॉर्म भरतात, स्वतःच बोलतात, वकील कोणी लावत नाही. आपल्याकडे असे काही नाही का?"

त्या प्रश्नाचे उत्तर तिथे दोन वाक्यांत देता येण्यासारखे नव्हते. नंतर दोघा-तिघांनी "जरा लिहूनच द्या" असा आग्रह धरला, म्हणून हा लेख. आमची नोकरी बँकेत झाली, वकिली आम्ही कधी केली नाही. पण कर्जाचे कागद, नोटिसा आणि वसुलीचे दावे यांत आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे गेली. शिवाय या बाबतीत एक धडा आम्ही स्वतःच्या खिशातून पैसे मोजून शिकलो आहोत, तोही पुढे सांगतो.

आपल्याकडे तसे कोर्ट आहे का?

"छोट्या रकमांचे कोर्ट" अशी पाटी लावलेले न्यायालय डिचोलीत किंवा पेडण्यात सापडणार नाही. मुंबईला लघुवाद न्यायालय आहे, ते १८८२ च्या कायद्याखाली चालते. पण आज त्याचे बहुतेक काम घरमालक आणि भाडेकरू यांच्या दाव्यांचे असते. आपल्याकडे पैशाचा दावा जातो तो दिवाणी न्यायाधीशांपुढे. रकमेप्रमाणे कनिष्ठ स्तर की वरिष्ठ स्तर, एवढाच फरक.

मात्र वकिलाशिवाय कोर्टात उभे राहता येत नाही, ही समजूत चुकीची आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे पक्षकाराला स्वतः हजर राहून स्वतःची बाजू मांडण्याचा हक्क आहे. आणि कोर्टात दावा घालण्याआधीचे, किंवा दाव्याच्या बाजूचे, असे तीन दरवाजे आहेत जिथे सामान्य माणसाने एकट्याने जावे अशीच रचना केलेली आहे. ते दरवाजे कोणते, ते पुढे येईलच. पण त्याआधी घड्याळाबद्दल बोलले पाहिजे. आमच्या पाहण्यात माणसे वकील नसल्यामुळे जेवढी हरली, त्याहून अधिक उशीर केल्यामुळे हरली.

आमचीच चूक

मार्च २०११ मध्ये आमच्या शेजाऱ्यांना ट्रक घ्यायचा होता. खाणी जोरात चालू होत्या, आपल्या तालुक्यात दर दोन घरांआड एक ट्रक उभा होता. बँकेचे कर्ज मंजूर झाले होते, स्वतःच्या हिश्श्याचे नव्वद हजार कमी पडत होते. आम्ही ते बिनव्याजी दिले. बँकेतली सवय म्हणून मागताक्षणी परत करण्याची वचनचिठ्ठीही लिहून घेतली, महसुली तिकीट लावून त्यावर सही घेतली. इथपर्यंत सगळे नियमात.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. पुढे काय झाले ते डिचोलीकरांना सांगायला नको. ट्रक दारात उभे राहिले आणि हप्ते मात्र चालू राहिले. दिवसभर बँकेत आम्ही इतरांच्या थकलेल्या हप्त्यांच्या यादीवर बसत होतो. संध्याकाळी घरी येऊन शेजाऱ्याच्या दारात पैसे मागायला उभे राहणे आमच्याने होईना. तेही भेटले की म्हणत, "खाण सुरू झाली की पहिले तुमचे." २०१३ च्या चवथीला त्यांनी आपणहून पाच हजार रुपये रोख आणून दिले. आम्ही ते घेतले, चहा झाला, विषय संपला.

जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी ट्रक विकला. त्यावरून दोन घरांत शब्दाला शब्द वाढला आणि आम्ही रागाच्या भरात वचनचिठ्ठी घेऊन एका परिचित वकिलांकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला, तारीख पाहिली आणि आमच्याकडे पाहिले. "साहेब, तुम्ही बँकेत ना?" एवढेच म्हणाले. कागद मुदतबाह्य झाला होता.

मागताक्षणी देय असलेल्या वचनचिठ्ठीवर दावा घालायची मुदत चिठ्ठीच्या तारखेपासून तीन वर्षे. आमची मुदत मार्च २०१४ मध्येच संपली होती. बँकेत याच तीन वर्षांसाठी आम्ही कर्जदारांच्या मागे लागून कर्ज-कबुलीपत्रावर सह्या घेत असू. ज्याच्या हातून एखादा कागद मुदतबाह्य होई, त्याला लेखी खुलासा द्यावा लागे. घरातल्या कपाटातल्या कागदाचा खुलासा मागणारे कोणी नव्हते.

खरी बोच पुढे आहे. २०१३ च्या चवथीला मिळालेल्या पाच हजारांची नोंद जर आम्ही त्याच चिठ्ठीच्या मागे करून शेजाऱ्यांची सही व तारीख घेतली असती, तर तीन वर्षे त्या दिवसापासून पुन्हा नव्याने मोजली गेली असती. म्हणजे सप्टेंबर २०१६ पर्यंत. आम्ही जानेवारीत गेलो होतो. एका ओळीच्या नोंदीने कागद जिवंत राहिला असता.

वीस वर्षांची जुनी समजूत

वकिलांकडून परतताना बाजारात एक वयस्कर गृहस्थ भेटले. ते म्हणाले, "तीन वर्षांचे काय घेऊन बसलात? गोव्यात पोर्तुगीज कायदा आहे, कागद वीस वर्षे चालतो." ही समजूत आजही अनेक घरांत आहे, म्हणून तिच्याविषयी स्पष्ट लिहितो.

ती अगदीच निराधार नव्हती. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत अशा येण्यासाठी वीस वर्षांची लांब मुदत होती आणि मुक्तीनंतरही बरीच वर्षे न्यायालयांत हा वाद चालला. पण २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्याच एका बँकेच्या कर्जवसुलीच्या खटल्यात हा प्रश्न निकाली काढला. १९६३ चा भारतीय मुदतीचा कायदाच गोव्यात लागू आहे, असे न्यायालयाने ठरवले. लग्नाच्या बाबतीत पोर्तुगीज संहिता अजून आपल्या घरात आहे. हातउसन्या पैशांच्या मुदतीत ती नाही.

तेव्हा हे हिशेब लक्षात ठेवावेत:

- परतीची तारीख न ठरवता पैसे उसने दिले असतील, तर दिल्याच्या दिवसापासून तीन वर्षे.
- कागदावर परतीची तारीख लिहिली असेल, तर त्या तारखेपासून तीन वर्षे.
- मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने "इतके देणे आहे" असे लेखी कबूल करून सही केली, तर त्या सहीच्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षे.
- मुदतीच्या आत थोडी रक्कम फेडली आणि तशी नोंद देणेकऱ्याच्या अक्षरात किंवा सहीने झाली, तरी त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षे.
- तोंडी आश्वासन, मध्यस्थांची बैठक, नोटीस पाठवणे यांपैकी कशानेही मुदत थांबत नाही.
- शेवटचा दिवस कोर्टाच्या सुट्टीत आला, तर कोर्ट उघडेल त्या पहिल्याच दिवशी दावा दाखल करता येतो.

मुदत संपल्यानंतरही एक वाट उरते. देणेकऱ्याने जुने देणे फेडण्याचे नवे लेखी वचन सही करून दिले, तर करार कायद्याप्रमाणे त्या वचनावर दावा चालतो. पण ते वचन देणे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर असते.

कपाटात काय असावे?

कोर्टात तुमचा चेहरा, घराणे किंवा गावातली पत पाहिली जात नाही. कागद पाहिला जातो. म्हणून पैसे देतानाच या गोष्टी कराव्यात.

पैसे चेकने किंवा बँकेतून ऑनलाइन द्यावेत, म्हणजे पासबुकात नोंद आपोआप राहते. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो. मात्र रोखीने दिले म्हणून देणेच बुडाले, असे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गोव्यातूनच वर गेलेल्या एका चेकच्या खटल्यात, हे स्पष्ट केले आहे. तरीही रोख व्यवहार सिद्ध करण्याचा त्रास तुम्हालाच होतो, म्हणून टाळावा.

वचनचिठ्ठीवर महसुली तिकीट लावून सही तिकिटावरून जाईल अशी घ्यावी. इतर काही कागदांवर कमी पडलेले मुद्रांक शुल्क दंडासह नंतर भरता येते. वचनचिठ्ठीला ती सवलत नाही. तिकीट नसलेली चिठ्ठी पुराव्यात घेतली जात नाही, मग रक्कम कितीही असो.

मोबाइलवरचे निरोप पुसू नयेत. "पुढच्या महिन्यात देतो काका" असा निरोपही उपयोगी पडतो. मात्र तो कोर्टात दाखल करताना नव्या भारतीय साक्ष अधिनियमाप्रमाणे, जो १ जुलै २०२४ पासून लागू आहे, ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र सोबत जोडावे लागते. नुसता स्क्रीनचा फोटो छापून नेऊन भागत नाही.

आणखी एक सावधगिरी. ओळखीत अडीनडीला पैसे देणे वेगळे आणि व्याजाने पैसे लावण्याचा धंदा करणे वेगळे. त्या धंद्याला गोव्यात सावकारी कायद्याखाली परवाना लागतो.

आधी एक पत्र

भांडणाआधी पत्र लिहावे. वकिलाची नोटीसच हवी असे नाही, साध्या कागदावर स्वतः लिहिलेले चालते. त्यात चार गोष्टी याव्यात: किती रक्कम, कोणत्या तारखेला, कशासाठी दिली, आतापर्यंत किती परत आली, बाकी किती, आणि ती कोणत्या तारखेपर्यंत हवी. साधारण पंधरा दिवस द्यावेत. भाषा सभ्य असावी. धमकी, नातेवाइकांची उणीदुणी, पोलिसांचा धाक यांतले काही लिहू नये, कारण हेच पत्र उद्या न्यायाधीश वाचणार आहेत. स्पीड पोस्टने, पोहोच घेऊन पाठवावे आणि पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवावी.

पोलीस ठाण्यात जाण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. फसवणुकीचा गुन्हा असेल तर पोलिसांत जरूर जावे. पण घेतलेले पैसे परत न देणे एवढाच मामला असेल तर तो दिवाणी वाद आहे आणि वसुली करून देणे पोलिसांचे काम नव्हे.

पहिला दरवाजा : लोकअदालत

छोट्या रकमेसाठी, ओळखीतल्या माणसाशी वाद असेल तर आमच्या मते हाच दरवाजा आधी ठोठावावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याखाली तालुका पातळीवर विधी सेवा समिती असते आणि तालुक्यातले ज्येष्ठ न्यायिक अधिकारी तिचे अध्यक्ष असतात. कोर्टात खटला नसतानाही तुम्ही अर्ज देऊ शकता. याला दाखलपूर्व प्रकरण म्हणतात.

करायचे एवढेच: कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीच्या कार्यालयात जायचे, साध्या कागदावर अर्ज द्यायचा, त्यात दोन्ही बाजूंची नावे-पत्ते व थोडक्यात हकिगत लिहायची आणि कागदांच्या प्रती जोडायच्या. शुल्क नाही. समिती समोरच्याला बोलावणे पाठवते. ठरल्या दिवशी दोघे समोरासमोर बसतात, मंडळावरचे सदस्य दोघांचे ऐकतात आणि मध्य काढायचा प्रयत्न करतात.

तडजोड झाली की तिचा निवाडा लिहिला जातो, दोघांच्या सह्या होतात. या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही. समोरच्याने पुढे शब्द फिरवला तर त्याच निवाड्यावर वसुलीची दरखास्त करता येते. कोर्टात आधीच चालू असलेला दावा लोकअदालतीत मिटला, तर भरलेली कोर्ट फी परत मिळते.

उणी बाजूही सांगतो. समोरचा आलाच नाही किंवा "नाही" म्हणाला, तर लोकअदालत त्याच्यावर निर्णय लादू शकत नाही. तिथे जोर चालतो तो फक्त समजुतीचा. म्हणून तीन वर्षांची मुदत संपत आलेली असेल तर लोकअदालतीच्या तारखेची वाट पाहत बसू नये, आधी दावा दाखल करावा.

दुसरा दरवाजा : ग्राहक आयोग

कंत्राटदार, दुकानदार, प्रवास कंपनी, फर्निचरवाला, इमारत बांधणारा, विमा कंपनी अशा कोणाला तुम्ही वस्तूसाठी किंवा सेवेसाठी पैसे मोजले आणि त्याने काम केले नाही किंवा वाईट केले, तर तुम्ही ग्राहक आहात. ओसरीवरच्या त्या साठ हजारांचा वाद इथे बसतो. काकींनी भाच्याला दिलेले हातउसने मात्र इथे बसत नाहीत.

२०१९ च्या कायद्याप्रमाणे, मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, म्हणजे आपल्यासाठी उत्तर गोवा जिल्हा आयोगाकडे. ही रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क काहीच नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. इथली मुदत तीन वर्षांची नाही, हे विसरू नये. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकानदार मुंबईचा असला तरी. तक्रार स्वतः मांडता येते आणि ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखलही करता येते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. मोठ्या कंपन्यांच्या तक्रारी कधी कधी तेवढ्यावरच मिटतात.

तिसरा दरवाजा : परत आलेला चेक

देणेकऱ्याने दिलेला चेक खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला, तर परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ लागू होते. हा फौजदारी मार्ग आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण इथे घड्याळ फार कडक आहे:

1. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरावा.
2. चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवावी.
3. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पैसे देण्यास १५ दिवस.
4. ते १५ दिवस संपल्यावर एक महिन्याच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद.

उदाहरण घेऊ. बँकेची चिठ्ठी ५ जूनला मिळाली. नोटीस ५ जुलैच्या आत गेली पाहिजे. समजा ती १० जुलैला त्याच्या हाती पडली. त्याची मुदत २५ जुलैला संपली. फिर्याद २५ ऑगस्टच्या आत दाखल व्हायला हवी. आमचा सल्ला असा की नोटीस पहिल्या आठवड्यातच पाठवावी, तिसाव्या दिवसाची वाट पाहू नये.

ज्या शाखेत तुमचे खाते आहे, तिथल्या हद्दीतल्या कोर्टात फिर्याद करायची, हे २०१५ च्या दुरुस्तीने ठरले. म्हणजे चेक पुण्याचा असला तरी खाते डिचोलीच्या शाखेत असेल तर फिर्याद डिचोलीतच. सोबत मूळ चेक, बँकेची चिठ्ठी, नोटिशीची प्रत, पोस्टाची पावती व पोहोच हवी. बँकेची ती छोटीशी चिठ्ठी अनेक जण हरवतात. आमच्या काउंटरवर दुसरी प्रत मागायला येणारे कितीतरी पाहिले.

चौथा दरवाजा : दिवाणी दावा

वरचे तिन्ही बंद असतील तर दावा. समोरचा जिथे राहतो किंवा व्यवहार जिथे झाला, तिथल्या कोर्टात तो घालायचा. दाव्याच्या अर्जात दोन्ही पक्षांची नावे-पत्ते, तारीखवार हकिगत, दाव्याचे कारण कधी घडले, मुदत कशी शिल्लक आहे, या कोर्टाला अधिकार कसा, रक्कम किती आणि मागणी काय, हे क्रमाने लिहावे लागते. खाली सत्यापन, सोबत प्रतिज्ञापत्र आणि कागदांची यादी. कोर्ट फी रकमेवर बसते, ती कचेरीत विचारून भरावी.

वचनचिठ्ठी, चेक किंवा लेखी करार हाती असेल तर संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा घालता येतो. त्यात समन्स मिळाल्यावर प्रतिवादीला दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते आणि बचाव करायचा तर कोर्टाची परवानगी मागावी लागते. ठोस कारण दाखवता आले नाही तर निकाल लवकर लागतो. आपल्याकडच्या कायद्यात छोट्या दाव्यांच्या कोर्टाला सर्वांत जवळचे असे काही असेल तर ते हेच. व्यापारी स्वरूपाचा वाद ३ लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल आणि तातडीचा हुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थीला जावे लागते, हेही व्यापारी सभासदांनी ध्यानात घ्यावे.

कोर्टाचे कागद बहुतांशी इंग्रजीत चालतात. अर्ज लिहायला मुलांची-नातवंडांची मदत घ्यावी. मात्र उभे राहून बोलायचे ते पक्षकाराने स्वतः; हौशी मित्राला तुमच्या वतीने बोलता येत नाही, त्याला कोर्टाची परवानगी लागते. विचारले तेवढेच बोलावे, प्रत्येक तारखेला हजर राहावे आणि सगळे कागद तारखेच्या क्रमाने एका फायलीत ठेवावेत.

निकाल म्हणजे पैसे नव्हेत

हुकूमनामा मिळाला की पैसे घरी येतात, असे नाही. समोरच्याने दिले नाहीत तर दरखास्त करावी लागते. तिला बारा वर्षांची मुदत आहे. बँक खाते, वाहन, मालमत्ता यांवर जप्ती आणता येते. पण पगाराचा मोठा भाग, सरकारी निवृत्तिवेतन, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याचे राहते घर यांना कायद्याने जप्तीपासून वाचवले आहे. आणि निकालानंतरचे व्याज, व्यापारी व्यवहार नसेल तर, वर्षाला ६ टक्क्यांहून अधिक मिळत नाही.

तेव्हा दावा घालण्याआधी स्वतःला विचारावे: समोरच्याकडे देण्यासारखे काही आहे का? नसेल, तर हप्त्यांची तडजोड ही हार नव्हे.

वकील केव्हा घ्यावा?

वकील नकोच, असे आमचे म्हणणे नाही. समोरच्याने सही आपली नाही म्हटले, साक्षीदारांची उलटतपासणी आली, जमिनीचा किंवा वाटणीचा प्रश्न गुंतला, रक्कम मोठी असली, तर वकील घ्यावाच. आणि फी परवडत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य, दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करून चौकशी करता येते. ओसरीवरच्या काकींना हे माहीतच नव्हते.

शेवटी आमच्या नव्वद हजारांचे

पंचाऐंशी हजार बाकी होते आणि कायद्याने आमच्या हाती काही उरले नव्हते. तरी त्याच वकिलांच्या सांगण्यावरून आम्ही लोकअदालतीत अर्ज दिला. शेजारी येणार नाहीत, असे आम्हाला वाटले होते. ते आले. मंडळावरच्या बाईंनी विचारले, "पैसे घेतले होते?" ते म्हणाले, "घेतले होते. नाही कशाला म्हणू?" मुदत संपली आहे हे त्यांना कोणीतरी सांगितले होते, तरी त्यांनी तो मुद्दा काढला नाही. साठ हजारांवर तडजोड झाली, वीस हप्ते ठरले. शेवटचा हप्ता त्यांनी ठरल्या तारखेच्या आधी दिला. नव्या सोमवारच्या पालखीला आज आम्ही पूर्वीसारखेच शेजारी शेजारी चालतो.

पंचवीस हजारांचे नुकसान आमच्या आळसाचे होते, आणि मिळालेले साठ हजार त्यांच्या सज्जनपणाचे. पण दरवेळी समोरचा माणूस तसाच निघेल, यावर विसंबून कोणी पैसे देऊ नयेत.

आपल्या समाजात पैसे मागायची लाज वाटते, कागद करायची त्याहून जास्त. "आपल्याच माणसाकडून सही काय घ्यायची?" असे म्हणतो आणि मग पाच वर्षांनी देवापुढे गाऱ्हाणे घालतो. आमचा अनुभव उलटा आहे. सही असेल तर नाते टिकते, कारण आठवणीवर भांडायची वेळ येत नाही.

आज घरी गेल्यावर कपाट उघडा. कोणाला काही दिलेले असेल तर त्या कागदाची तारीख पाहा. अडीच वर्षे होऊन गेली असतील, तर या रविवारीच त्या घरी जा, चहा घ्या आणि कबुलीची एक ओळ लिहून सही घेऊन या. कागद वाचून हवा असेल, तारखांचा हिशेब करून हवा असेल, तर मंडळाच्या मासिक सभेनंतर आम्ही थांबतो. फायल घेऊन यावे. चहा मंडळाकडून.